साहेबांना सांगणार कोण?

‘अगदी मोकळेपणाने बोला’ असं मोठ्या साहेबांनी म्हटलं की मीटिंगमध्ये हमखास शांतता पसरते. कुणी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करतं, कुणी पाण्याचा ग्लास उचलतं. खरं काय ते नंतर चहाच्या टपरीवर बोललं जातं आणि तिथेच राहतं. अलीकडे यावर कार्यशाळा होतात, ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ हे शब्द एचआरच्या सादरीकरणांत हटकून येतात. पण ही शांतता किती महागात पडते, याचा रोखठोक हिशेब सर्वांत आधी विमान कंपन्यांना मांडावा लागला. कारण कॉकपिटमधलं शेवटच्या अर्ध्या तासाचं बोलणं टेपवर राहत होतं. कोण काय म्हणालं, कोण म्हणता म्हणता थांबलं, सगळं पुन्हा ऐकता येत होतं. गेल्या पन्नासएक वर्षांत त्या टेपांनी जे शिकवलं, त्याचा हा मागोवा.

27 मार्च 1977. कॅनरी बेटांवरच्या मुख्य विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे टेनेरिफेच्या लहान विमानतळावर विमानांची गर्दी झाली होती. त्यात धुकं. केएलएमच्या 747 विमानाचे कॅप्टन साधेसुधे नव्हते. कंपनीच्या 747 प्रशिक्षणाचे ते प्रमुख, जाहिरातींत झळकणारा चेहरा. शेजारी बसलेल्या को-पायलटला हे विमान चालवण्यासाठी त्यांनीच पास केलं होतं. कॅप्टननी इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा को-पायलटने एकदा टोकलं, की अजून टॉवरची परवानगी मिळालेली नाही. ‘माहीत आहे, विचार त्यांना,’ असं उत्तर आलं. थोड्या वेळाने विमान खरोखरच धावू लागलं, तेव्हा तो पुन्हा टोकू शकला नाही. त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचं एक विमानही होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने मात्र रेडिओ नीट ऐकला होता. ते पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टन ठासून म्हणाले, झालंय की! इंजिनियर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि 583 माणसं गेली.

यानंतर रेडिओवरची भाषा बदलली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असं ठरलं. पण इंजिनियर एका उत्तरावर का थांबला, या प्रश्नाला शब्द बदलून उत्तर मिळणार नव्हतं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे साहेबांवर अविश्वास दाखवणं, हे प्रत्येक हाताखालच्या माणसाला न सांगता कळतं.

पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबर 1978 रोजी, अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-8 विमान इंधन संपून कोसळलं. चाकं नीट उतरली आहेत की नाहीत, या एकाच शंकेत कॅप्टन गुंतले होते आणि विमान सुमारे तासभर घिरट्या घालत होतं. इंधन संपत आल्याचं फ्लाइट इंजिनियरला कळत होतं. त्याने सांगितलंही, पण आडून आडून. 10 जणांचा बळी गेला. चौकशी अहवालाने दोन्ही बाजूंना कामाला लावलं: कॅप्टनने सहकाऱ्यांना बरोबर घेऊन निर्णय करायला शिकावं आणि इतरांनी ठामपणे बोलायला शिकावं.

1979 मध्ये नासाने सॅन फ्रान्सिस्कोत यावर परिषद घेतली आणि 1981 मध्ये युनायटेडने रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. त्यालाच पुढे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ किंवा नुसतं सीआरएम म्हणू लागले. सुरुवातीला जुन्या वैमानिकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. गोड बोलण्याची शाळा, असं ते म्हणत. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पहिल्या वर्गांमध्ये व्यवस्थापनाच्या शिबिरांतून उचललेल्या प्रश्नावल्या आणि खेळच फार होते. आज आपल्या कंपन्यांत चालतात तसलेच. अपघातांचा अभ्यास आणि सिम्युलेटरमधला सराव आल्यावर हे प्रशिक्षण रुजलं.

सरावातली शिडी साधी आहे. आधी विचारायचं: इंधन किती मिनिटांचं उरलंय? मग काळजी बोलून दाखवायची: कॅप्टन, मला इंधनाची चिंता वाटते. मग उपाय सांगायचा: आत्ताच उतरायला हवं. तरीही उत्तर नाही, तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान हातात घ्यायचं. दोनदा सांगूनही प्रतिसाद आला नाही तर ताबा घ्या, असा दंडकच अनेक कंपन्यांनी घालून दिला. यातली खुबी अशी, की बोलणाऱ्याला धाडस गोळा करावं लागत नाही. तो उद्धटपणा करत नसतो, नियम पाळत असतो. ऐकणाऱ्याचाही पाणउतारा होत नाही, कारण हीच वाक्यं त्याने स्वतः ज्युनियर असताना म्हटलेली असतात.

दुसरी सोय याआधीच झाली होती. डिसेंबर 1974 मध्ये वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळून 92 जण गेले. त्याच ठिकाणी तशीच चूक सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांकडून होता होता राहिली होती. त्यांनी ती कळवलीही, पण बातमी त्यांच्या कंपनीबाहेर गेली नाही. म्हणून 1976 मध्ये चुका गोपनीयपणे कळवण्याची यंत्रणा उभी राहिली. ती मुद्दाम नासाकडे दिली गेली, परवाना रद्द करण्याचा अधिकार असलेल्या खात्याकडे नाही. शिक्षा करणाऱ्याच्याच टेबलावर कबुली ठेवायला कोण जाणार?

1989 या एकाच वर्षाने दोन्ही बाजू दाखवल्या. जानेवारीत इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ वैमानिकांनी बिघडलेलं इंजिन सोडून चांगलं इंजिन बंद केलं. उजव्या इंजिनात बिघाड असल्याचं कॅप्टननी माइकवरून सांगितलं. डाव्या इंजिनातून ज्वाळा येताना मागच्या काही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी पाहिल्या होत्या, पण पुढे जाऊन कुणीही सांगितलं नाही. 47 जण दगावले. प्रशिक्षणात केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनाही धरायला हवं, हे त्यातून पक्कं झालं. जुलैमध्ये अमेरिकेत सू सिटीला उलट घडलं. डीसी-10 चं शेपटीतलं इंजिन फुटून सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही पुढे बोलावलं, इंजिनांचे दांडे त्याच्या हाती दिले आणि सगळ्यांचं ऐकत विमान धावपट्टीपर्यंत आणलं. 296 पैकी 184 वाचले. याचं श्रेय हेन्स पुढे सीआरएमलाच देत राहिले.

ऑपरेशन थिएटरमध्ये हे वारं उशिरा पोहोचलं. 2000 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका पाहणीत, वरिष्ठांच्या निर्णयावर कनिष्ठांनी प्रश्न विचारू नये हा विचार 97 टक्के वैमानिकांनी झिडकारला होता. वरिष्ठ सर्जनांमध्ये हे प्रमाण 55 टक्के होतं. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी आणली. त्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होतं. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावातून शिकून अमेरिकेत गेलेले सर्जन. चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असं या यादीत आहे. वरवर पाहता हा निव्वळ उपचार वाटतो. पण एकदा तोंड उघडलेली नर्स पुढच्या वेळी ‘डॉक्टर, थांबा’ म्हणायला कचरत नाही. दिल्लीसह आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा गुंतागुंतीचं प्रमाण 11 वरून 7 टक्क्यांवर आलं आणि मृत्यूंचं 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर.

ऑफिसांपर्यंत ही गोष्ट आणली संशोधक एमी एडमंडसन यांनी. रुग्णालयांतल्या चांगल्या चमूंकडून चुका कमी होत असतील, या अपेक्षेने त्या गेल्या होत्या. नोंदी निघाल्या उलट्या. चांगल्या चमूंच्या नावावरच चुका जास्त! तिथे लोक चुका लपवत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता. 1999 मध्ये ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’वरचा त्यांचा निबंध आला, पुढे गूगलने आपल्या चमूंच्या अभ्यासात हाच गुण सर्वांत वर ठेवला आणि मग तो सगळ्यांच्या तोंडी झाला.

आपल्याकडचा अनुभव मात्र जास्त बोलका आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळलं. 166 पैकी 158 जणांचा अंत झाला. उतरू नका, विमान पुन्हा वर घ्या, असं को-पायलटने तीनदा सांगितल्याचं टेपवर होतं. म्हणजे इथे माणूस गप्प नव्हता. मग त्याने ताबा का घेतला नाही? चौकशी अहवालाने दिलेलं कारण लक्षात ठेवावं असं आहे: को-पायलटला तो अधिकार देणाऱ्या सूचनांमध्येच बहुधा संदिग्धता होती. दहा वर्षांनी, 7 ऑगस्ट 2020 रोजी, कोळिकोडला भर पावसात त्याच कंपनीचं विमान धावपट्टी ओलांडून गेलं आणि 21 जणांनी प्राण गमावले. त्याही अहवालात कॉकपिटमधली वरिष्ठ-कनिष्ठांमधली मोठी दरी आणि ताबा न घेणारा को-पायलट यांचा उल्लेख आहे. वर्ग भरवून, प्रमाणपत्रं वाटूनही धाक शिल्लक राहतो, तो असा.

म्हणूनच ‘आमच्या केबिनचं दार सदैव उघडं असतं’ या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. ‘साहेब, तसं बरोबरच आहे तुमचं, पण एकदा बघून घेतलं तर...’ ही आपल्या ऑफिसांची बोली आहे, आणि पोर्टलंडच्या इंजिनियरची बोली याहून फार वेगळी नव्हती. खटके उडू नयेत म्हणून सगळ्यांनी गोड राहणं, ही सुरक्षितता नव्हे. रोज कुरबुरी होणारी पण चूक वेळेत बोलून दाखवणारी टीम अधिक सुरक्षित असते. साहेबांचा स्वभाव बदलण्याची वाट पाहण्यातही अर्थ नाही. केएलएमचे कॅप्टन दुष्ट नव्हते, नावाजलेले होते.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला खर्चही नाही. बैठकीत वरिष्ठाने शेवटी बोलावं. झालेल्या चुकांची माहिती आपला गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या साहेबांकडे न जाता तिसऱ्याकडे जावी. आणि सर्वांत महत्त्वाचं, कोणत्या कामात कोणता कनिष्ठ माणूस कुणालाही न विचारता ‘थांबा’ म्हणू शकतो, हे ठरवावं. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर हे एवढं कागदावर लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि खाली तुमची सही करा.