एका शब्दाने घालवलेला जांभळा रंग

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा सिनॉप्सिस एका शब्दावरून परत आला. शब्द होता ‘प्रामुख्याने’. तेव्हा वाटलं, समिती उगाच कीस काढतेय. नंतर कॅडबरीचा खटला वाचला आणि त्यांचं म्हणणं पटलं. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसणार असाल, तर हा खटला तुमच्या कामाचा आहे.

ट्रेडमार्क म्हणजे माल कुणाचा आहे हे सांगणारी खूण. बहुतेक वेळा ती नाव किंवा चित्र असते. मग नुसता रंग चालेल का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्वालिटेक्स खटल्यात ‘चालेल’ असं सांगितलं. तिथे ड्रायक्लीनिंगच्या प्रेसवरच्या हिरवट-सोनेरी पॅडचा प्रश्न होता. ग्राहकाने रंगावरून उत्पादक ओळखला पाहिजे आणि त्या रंगाचा वस्तूच्या कामाशी संबंध नसावा, या अटी मात्र आहेत. भारताच्या १९९९ च्या कायद्यातल्या व्याख्येत ‘रंगांचा संयोग’ असे शब्द आहेत, म्हणून आपल्याकडे एकट्या रंगावर वाद होतो.

पण खरी गंमत पुढे आहे. अर्जात रंग लिहायचा कसा?

लिबर्टेल या कंपनीने नारिंगी रंगाचा नमुना दिला आणि सोबत ‘नारिंगी’ एवढंच लिहिलं. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं, कागदावरचा नमुना काळानुसार बदलू शकतो, त्यामुळे नुसता नमुना पुरेसा नाही. आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला रंगाचा कोड दिला तर तो टिकतो.

कॅडबरीने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये चॉकलेटसाठी अर्ज केला, तेव्हा कोड दिला होता: पँटोन २६८५सी. नेस्लेने हरकत घेतली. २०१३ मध्ये अपील न्यायालयात अर्ज पडला, पण रंगामुळे नाही. वेष्टनाच्या संपूर्ण दर्शनी भागावर हा रंग असेल ‘किंवा तो प्रमुख रंग असेल’, असं वर्णनात लिहिलं होतं. प्रमुख म्हणजे किती? उरलेल्या जागेत पट्टे, ठिपके की चित्रं? त्या शब्दामुळे एका खुणेच्या असंख्य खुणा झाल्या. प्रतिस्पर्ध्याला आपण कुठे थांबायचं, हे कळणारच नव्हतं.

माझंही तेच झालं होतं. ‘नमुन्यात प्रामुख्याने एकच फेज मिळेल,’ असं मी लिहिलं होतं. ५१ टक्के मिळाली तरी मी बरोबर, ९५ टक्के मिळाली तरी बरोबर! मग मी ते बदलून ‘एक्सआरडी मोजमापानुसार वजनाने किमान ९० टक्के’ असं केलं. दावा लहान झाला, पण आता तो चुकीचा ठरू शकत होता. म्हणूनच तो तपासण्याजोगा झाला.

आज एवढंच करा. सिनॉप्सिसमधले ‘प्रामुख्याने’, ‘लक्षणीय’, ‘बऱ्यापैकी’ हे शब्द अधोरेखित करा. प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहा: किती? कशाने मोजणार? यात काय बसत नाही? तिसऱ्याचं उत्तर सुचलं नाही, तर ते वाक्य गाइडकडे पाठवू नका.