नुसतं पुढे पाठवलं, एवढंच!

मैत्रिणींनो, दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की आपण घटकाभर आडव्या होतो. पूर्वी आपल्या आया अशा वेळी विणकाम घ्यायच्या, नाहीतर वाचनालयातली कादंबरी. आपण मोबाईल घेतो. त्या अर्ध्या तासात आपलं बोट किती संदेश इकडून तिकडे ढकलतं याचा हिशेब कोण ठेवतं? दुधाचा ठेवतो, इस्त्रीवाल्याचा ठेवतो, याचा नाही. मीही ठेवत नव्हते, गेल्या पावसाळ्यापर्यंत.

त्याचं असं झालं. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो आला. गॅलरीतून घाईने काढलेला. सायकलला टेकून उभा असलेला एक मळकट कपड्यांतला माणूस, हातात सुरा आणि भोवती चार-पाच पोरं. खाली लिहिलेलं : 'मुलं पळवणारी टोळी गावात आली आहे.' माझा धाकटा तेव्हा शिकवणीला गेलेला. काळजात चर्र झालं. मी वर एक ओळ लिहिली, 'सावध राहा गं सगळ्याजणी!' आणि तो फोटो माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, आणि मी आठवड्यातून तीन दिवस शिकवते त्या वर्गातल्या मुलींच्या आयांच्या ग्रुपवर पाठवून दिला. मग कूस बदलून डोळे मिटले. कर्तव्य केल्याचं समाधानच होतं म्हणा ना!

तो माणूस धारवाला होता. सायकलच्या चाकावर विळ्या-सुऱ्यांना धार लावून देणारा. ठिणग्या उडताना बघायला पोरं जमतात, तशी जमली होती. संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडे लोकांनी त्याला घेरलं. सायकल आडवी पाडली, चाक मोडलं, दोन-चार थपडा लगावल्या. पिठाच्या गिरणीवाल्याने ओळखलं म्हणून बरं. "अरे, पंधरा वर्षं येतोय हा!" असं ओरडत तो मध्ये पडला. पोलीस आले. कुणी कुणाला काय पाठवलं याची विचारपूस झाली, तेव्हा एका आईच्या मोबाईलवर माझं नाव आणि माझी ती ओळ निघाली. चौकीत एक तरुण फौजदारीण होती. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "बाई, तुम्ही शिकवता ना?" त्यापेक्षा रागावली असती तर परवडलं असतं.

धारवाल्याने तक्रार दिली नाही, म्हणून मी सुटले. पण घरी आल्यावर आमच्या ह्यांच्याकडून आणि वकिली करणाऱ्या मावसदिराकडून जे समजून घेतलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३५३ व्या कलमात खोटी माहिती किंवा अफवा 'पसरवणे' हाही गुन्हा आहे. लोकांत घबराट उडून शांतता बिघडेल अशी ती अफवा असली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मी कुठे लिहिलं? मी नुसतं पुढे पाठवलं!' ही सबब तिथे चालत नाही. बातमी खरी मानायला सबळ कारण असेल आणि मनात वाईट हेतू नसेल, तर कायदा सूट देतो. पण मावसदिरांनी विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे सबळ कारण काय होतं?" मी काय सांगणार? दुपारची झोप?

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी काय झालं, ते तुम्ही वाचलं असेल. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी. आठवड्याच्या बाजारात एका लहान मुलीशी बोलताना दिसली आणि 'पोरं पळवणारे' म्हणून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठेचून मारलं. त्या अफवेचे संदेश मोबाईलवरून आधीच घरोघर पोचले होते. त्याच महिन्यात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा भारतात व्हॉट्सॲपने जाहीर केली. पाच! माझ्या तीन ग्रुपांत मिळून दीडशेवर बायका होत्या.

न वाचताच पुढे पाठवणाऱ्यांचीही एक गोष्ट ऐका. तामिळनाडूतल्या एका अभिनेत्याने, माजी आमदारच ते, २०१८ मध्ये महिला पत्रकारांविषयी हीन मजकूर फेसबुकवर आपल्या पानावर टाकला. मजकूर दुसऱ्याचा. कोर्टात सांगितलं, डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून नीट वाचला नाही. पुढे माफीही मागितली होती. तरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला.

तुम्ही म्हणाल, मग काय तोंडाला कुलूप लावून बसायचं? मुळीच नाही. कायदाही कधी कधी चुकतो. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना पोलिसांनी पकडलं होतं. एकीने मुंबई बंद राहिल्याबद्दल दोन वाक्यं लिहिली, दुसरीने नुसती 'लाईक' केली! ज्या ६६अ कलमाचा तेव्हा आधार घेतला, ते २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केलं. तेव्हा मत मांडायला भिऊ नका. आणि ग्रुपच्या ॲडमिन असलेल्यांनो, दुसऱ्याने काही वाह्यात टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्यामुळे तुम्ही गुन्हेगार होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसं सांगितलंय.

पण एका बाबतीत मात्र हात आखडाच. एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी येते, आपलं मन कळवळतं, आणि आपण तिचा फोटो, नाव, पणतीचं चित्र घालून 'न्याय मिळालाच पाहिजे' म्हणून पाठवतो. अत्याचारित स्त्रीची ओळख पटेल असं काहीही छापणं वा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ती मुलगी जिवंत नसली तरीही. २०१८ साली कठुआच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मोठमोठ्या वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना या चुकीपायी प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. आणि लहान मुलांचं अश्लील चित्रण कुणी 'बघा, काय नीचपणा चाललाय' म्हणून जरी पाठवलं, तरी ते पुढे सोडा, मोबाईलमध्येही ठेवू नका. सरळ पोलिसांना कळवा. यात हेतू चांगला होता वगैरे ऐकून घेत नाहीत.

आता जरा आपल्या आवडीचा विषय. दिवाळी अंकांच्या, कादंबऱ्यांच्या पीडीएफ! इतकी वर्षं मला तो ज्ञानयज्ञच वाटायचा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या पुस्तकाचे हक्क राखलेले असतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांना मोकळी. पण पु. ल. गेले २००० साली. त्यांची पुस्तकं २०६० संपेपर्यंत अशी वाटता येणार नाहीत. वर्गात शिकवताना एखादा उतारा दिला तर कायद्याची हरकत नाही. अख्खं पुस्तक आयांच्या ग्रुपवर टाकलं, तर आहे. तीनशे रुपयांची साडीची फॉल-पिको आपण घासाघीस न करता देतो आणि अडीचशेचं पुस्तक फुकट मागतो, हे मला माझंच आता हसू येतं.

चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी ग्रुपवर घेणाऱ्यांनी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्यावी, हेही जाता जाता सांगते. घरगुती असलं तरी विकणं ते विकणंच. अर्ज घरबसल्या भरता येतो.

धारवाल्याकडे मी गेले होते. चाकाचे पैसे त्याने घेतले, चहा नाही घेतला. आमच्या गल्लीत तो पुन्हा आलेला नाही. विळी मी आता बाजारात नेऊन धार लावून आणते. तिन्ही ग्रुपांवर मी लिहिलं, की फोटो खोटा होता, चूक माझी. सतरा जणींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. ते पुढे कुणी पाठवलं असेल असं वाटत नाही.

कारण गेल्या आठवड्यात सांगलीच्या आत्यांनी मला तोच फोटो पाठवला. तीच सायकल, तीच पोरं, आणि वर माझीच ओळ, 'सावध राहा गं सगळ्याजणी!' फक्त गावाचं नाव कुणीतरी नवं घातलं होतं. मी गॅस बारीक केला आणि आत्यांना फोन लावला.