हॉलमधला उंचवटा

जुलैतल्या एका सकाळी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आलो आणि ठेचकाळलो. सपाट जमिनीवर! वाकून पाहिलं तर मार्चमध्ये बसवलेलं लॅमिनेटचं फ्लोअरिंग मधोमध चांगलं दोन बोटं वर आलेलं. पायाने दाबलं की खाली जायचं, पाय उचलला की टक् करून पुन्हा वर.

हे काम मी आणि मुलाने मिस्त्री न लावता दोन दिवसांत उरकलं होतं. जुन्या फरशीवर फोम अंथरायचा, त्यावर आठ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत तिरकी घालून खाली दाबायची. खट्ट वाजलं की झालं. ना गोंद, ना खिळा. माझ्या हातातल्या कलेबद्दल घरात बरंच बोललं गेलं होतं, मुख्यतः माझ्याकडूनच.

पहिला संशय बाथरूमवर. प्लंबरने तासभर ठोकून पाहिलं. सगळं कोरडं ठणठणीत. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब, भिंतीपाशी फट सोडली नसेल." सोडली होती, दहा मिलिमीटर, मोजून! पट्टीच्या पोटात लाकडाचे तंतू दाबून केलेलं एचडीएफ असतं. ते पावसाळी हवेतली ओल पिऊन पसरतं, म्हणून ही जागा. तरी स्कर्टिंग उचकटून टेप लावला. खिडकीच्या बाजूला दहाची सात झालेली, म्हणजे फ्लोअरिंग पसरलं होतं हे नक्की. पण हॉलच्या लांबीच्या दोन्ही टोकांना फट दहाची दहाच.

तिथे मी थबकलो. लांबीतही ते पसरलंच असणार. मग ते टोकाकडे सरकलं का नाही?

एका टोकाला पुस्तकांचं कपाट होतं. विश्वकोशाचे खंड आणि वीसेक वर्षांचे दिवाळी अंक. चार माणसांना हलायचं नाही. ते पट्ट्यांवर बसलं होतं. समोरच्या टोकाला दार. मे महिन्यात वाऱ्याने दार आपटायचं म्हणून मी जमिनीवर मॅग्नेटचा स्टॉपर ठोकला होता. तीन लांब स्क्रू, पट्टीतून आरपार, थेट खालच्या फरशीत. ड्रिलही मीच धरलं होतं.

दोन्हींमधलं अंतर पाच मीटर. लाइट बिलाच्या पाठीवर पायथागोरस मांडला. दोन्ही टोकं जखडलेली पाच मीटरची पट्टी फक्त एक मिलिमीटर लांबली आणि मधोमध मोडून वर आली, तर किती उचलली जाईल? अर्ध्या भागाचे अडीच हजार मिलिमीटर, त्यात अर्ध्याची भर. उत्तर आलं पन्नास. पुन्हा केलं, पन्नासच. एका मिलिमीटरपोटी पाच सेंटिमीटर! माझा दोन बोटांचा उंचवटा तर त्याहूनही कमी लांबीचा होता. दुकानदार या प्रकाराला 'फ्लोटिंग' म्हणाला तेव्हा मी त्याचा अर्थ 'हलकंफुलकं' असा घेतला होता. खरा अर्थ, कुठेही न बांधलेलं.

कपाट रिकामं करून बेडरूममध्ये, साध्या फरशीवर नेलं. मग स्क्रू. पहिला निघाला, दुसरा निघाला, काही नाही. तिसरा सुटताच जमिनीतून कर्रर्र असा आवाज आला आणि मुलगा उडी मारून सोफ्यावर चढला. वाकून पाहतो तर पट्टीतलं भोक खालच्या फरशीतल्या भोकापासून बाजूला गेलेलं. संध्याकाळपर्यंत उंचवटा बसला.

दोन पट्ट्यांच्या जिभा मात्र तुटल्या होत्या. पूर्वीचं गोंदाचं काम असतं तर करवतच लावावी लागली असती. १९९६मध्ये स्वीडनच्या वेलिंगे कंपनीची गोंदाविना अडकणारी खाच 'अलॉक' नावाने बाजारात आली, पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या युनिलिनची 'युनिक्लिक'. एवढ्याशा खाचेच्या पेटंटवरून पुढे कंपन्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या. त्या रविवारी मला त्या खाचेची किंमत कळली: भिंतीकडून एकेक ओळ तिरकी उचलत गेलो, तुटक्या पट्ट्या बदलल्या आणि त्याच ओळी परत खट्ट खट्ट बसवल्या.

दाराला आता रबरी पाचर लावतो. तीन भोकं तेवढी राहिली आहेत. पाहुणे विचारतात, आणि बायको अगदी पहिल्यापासून सांगते.