नवरात्रातला आलू गोड का लागतो?

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत गुरुकुंज मोझरी येते. आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास इथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव असतो. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चे, त्यामुळे यात्रा दरवर्षी ऑक्टोबरच्या आगेमागेच पडते. त्याआधीचे पंधरा दिवस म्हणजे नवरात्राचे उपवास आणि कोजागरी. घराघरांत आलूचा कीस, आलूची उपवासाची भाजी, साबुदाण्यात आलू. आणि नेमक्या याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: आलू गोड लागतो, कीस तव्यावर टाकला की शिजायच्या आधी तांबडा होतो, तळलेल्या काचऱ्या कडवट लागतात.

(वऱ्हाडात आलू, पुण्याकडे बटाटा. मोझरीपासून सुरुवात केली आहे, तेव्हा या लेखात आलूच म्हणू.)

आलू सडलेला नसतो, त्याला कोणी साखरेचे इंजेक्शनही दिलेले नसते. ही साखर त्याची स्वतःचीच. ती कुठून आली हे समजून घ्यायचे तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात: तो जमिनीत असताना हवा कशी होती, आणि जमिनीतून निघाल्यावर तो कोणत्या तापमानात राहिला.

जमिनीतले तीन महिने

आलू म्हणजे झाडाने पुढच्या वर्षासाठी केलेली शिधोरी. पाने दिवसा साखर तयार करतात, ती खाली कंदात जाते आणि तिथे स्टार्च म्हणून साठते. ताज्या आलूत साधारण ऐंशी टक्के पाणी असते. उरलेल्या वीस टक्क्यांत बहुतेक स्टार्चच. या वीस टक्क्यांना घनांश म्हणू. तो १६ आहे की २२, यावर आलू शिजल्यावर भुसभुशीत होतो की चिकट, तळल्यावर कुरकुरीत होतो की तेल पिऊन लोळागोळा, हे ठरते.

घनांश वाढायला रात्र थंड लागते. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान असेल तर कंद चांगला भरतो. रात्र गरम राहिली तर झाड दिवसभर कमावलेले रात्रीच्या श्वसनात खर्च करते आणि कंदाला फारसे काही उरत नाही. म्हणून वऱ्हाडात आलूची खिडकी अरुंद आहे. ऑक्टोबरच्या शेवटी उकाडा उतरतो तेव्हा लागवड, आणि फेब्रुवारीत ऊन तापायच्या आत काढणी. लागवड उशिरा झाली तर शेवटचे पंधरा-वीस दिवस तापलेल्या मातीत जातात. कंद लहान राहतात, वेडेवाकडे होतात, काही जमिनीतच कोंब धरतात. ज्यांच्याकडे ओलीत आहे ते थोडाफार आलू लावतात, पण या पट्ट्याचे पीक म्हणजे संत्रा, सोयाबीन, तूर, कापूस. बाजारातला बहुतेक आलू बाहेरून येतो.

बाहेरून म्हणजे मुख्यतः उत्तर प्रदेशातून, आग्र्याकडून, आणि माळव्यातून, इंदूर-उज्जैनच्या भागातून. दोन्हीकडे पीक हिवाळ्याचेच, पण दोन्हीकडची थंडी सारखी नाही. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री ५-६ अंशांपर्यंत उतरतात. इतक्या थंडीत जमिनीतल्या कंदातही थोडी साखर साठू लागते. माळव्यात रात्री तुलनेने उबदार असतात, त्यामुळे तिथल्या आलूत साखर कमी राहते. चिप्सच्या कारखान्यांसाठी माळवा आणि उत्तर गुजरातचा डीसा भाग महत्त्वाचा ठरला, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. कारखान्याला घनांश २० टक्क्यांच्या वर आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साखर शंभर ग्रॅम आलूत साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आत लागते. शिमल्याच्या केंद्रीय आलू संशोधन संस्थेने १९९८ मध्ये यासाठीच ‘कुफरी चिप्सोना’ हे वाण आणले.

महाराष्ट्रात एक वेगळा आलूही आहे. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-खेड भागात, विशेषतः सातगाव पठारावर, आलू पावसाळ्यात होतो. जून-जुलैत लागवड, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. पठाराची उंची आणि ढगाळ हवा यामुळे तिथे पावसाळा पुरेसा गार राहतो. पण ऊन कमी आणि ओलावा जास्त, म्हणून घनांश बेताचा. साल इतकी पातळ की अंगठ्याने घासली तरी सुटते. रस्साभाजीला हा आलू उत्तम, साठवणीला कच्चा.

म्हणजे नवरात्रात बाजारात आपल्यासमोर दोन ढीग असू शकतात. एक नवा, पातळ सालीचा, पाणी जास्त असलेला. दुसरा जाड सालीचा, दिसायला दणकट, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून सात-आठ महिने शीतगृहात राहिलेला. वऱ्हाडात हा दुसराच जास्त. गोडी त्याचीच.

काढणीनंतर उन्हाळा

युरोपात आलू शरद ऋतूत निघतो आणि पाठोपाठ हिवाळा येतो. कोठारात नुसती हवा खेळती ठेवली तरी निम्मे काम निसर्ग करतो. आपल्याकडे उलट आहे. देशातला बहुतेक आलू जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि समोर उन्हाळा उभा असतो. मे महिन्यात अमरावतीला पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. काढणीनंतर दोन-अडीच महिने आलू झोपलेला असतो, म्हणजे कोंब काढत नाही. ती झोप मोडते तेव्हा नेमका एप्रिल-मे असतो. त्या उन्हात उघडा आलू सुकतो, कोंबतो, सडतो. आलूतली पाकोळी वेगळीच: तिच्या अळ्या गर पोखरतात. ही कीड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरली आणि मग सगळीकडे पसरली.

शेतकऱ्यांनी यावर आपले उपाय काढले होतेच. खेड-आंबेगावकडे ‘आरण’ लावतात: झाडाच्या सावलीत आलूचा ढीग करून वरून गवत-पाचट घालतात. माळव्यात खड्डे करून साठवत. यात तापमान फार खाली जात नाही, त्यामुळे साखर वाढत नाही आणि आलू तळायला चांगला राहतो. वजन मात्र घटते, आणि पावसाळ्याच्या पुढे तो टिकत नाही. भाव मिळेपर्यंत थांबायचे दोन-तीन महिने, एवढ्यापुरतीच ती सोय.

वर्षभर आलू हवा तर शीतगृहाला पर्याय नाही. तिथे पारंपरिक तापमान २ ते ४ अंश. इतक्या थंडीत कोंब येत नाहीत, सड थांबते, वजन फारसे घटत नाही. बेण्यासाठी हे अगदी योग्य आहे. अडचण अशी की आपल्याकडे बेणे आणि खाण्याचा आलू बहुधा एकाच छपराखाली, एकाच थंडीत ठेवला जातो.

आणि आलू जिवंत असतो. पोत्यातही तो श्वास घेत असतो, आणि त्यासाठी स्टार्च मोडून साखर करत असतो. एरवी ही साखर तयार होते तशी वापरली जाते. तापमान ८-९ अंशांच्या खाली गेले की दोन्ही कामे मंदावतात, पण सारखी नाही: साखर वापरण्याचे काम जास्त मंदावते, तिला परत स्टार्च करण्याचेही, स्टार्च मोडण्याचे मात्र चालू राहते. साखर साठत जाते. थंडीत पेशींतले पाणी गोठू नये म्हणून अनेक वनस्पती असेच करतात, तेव्हा आलूच्या बाजूने पाहिले तर हा दोष नसून शहाणपण आहे. त्रास आपल्या कढईला होतो.

तापलेल्या तेलात ही साखर आलूतल्या अमिनो आम्लांशी संयोग पावते आणि तांबूस-तपकिरी रंग येतो. पोळीवर खरपूस डाग पडतात ती हीच क्रिया. थोडी झाली तर चव येते, साखर जास्त असेल तर आतून शिजायच्या आधी बाहेरून काळे आणि कडवट होते. यात ‘ॲक्रिलामाइड’ नावाचा पदार्थही तयार होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे १९९४ मध्ये त्याची नोंद ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ अशी झाली होती. तळलेल्या आलूत तो असतो हे २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले. घाबरून आलू सोडण्याचे कारण नाही. उकडताना तो तयार होत नाही, आणि तळताना काचरी सोनेरी असतानाच काढली तर त्याचे प्रमाण बरेच कमी राहते.

‘शुगर फ्री’ची पाटी

अलीकडे काही ठिकाणी आलूच्या ढिगावर ‘शुगर फ्री’ अशी पाटी दिसते, भावही किलोमागे चढा असतो. हा आलू १० ते १२ अंशांत ठेवलेला असतो. एवढ्या तापमानात साखर फारशी साठत नाही, पण कोंब येतात. ते दाबण्यासाठी शीतगृहात ‘सीआयपीसी’ या रसायनाची धुरी देतात. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याच्या परवानगीचे नूतनीकरण नाकारले, आपल्याकडे ते चालते. ते मुख्यतः सालीवर राहते, तेव्हा असा आलू धुऊन, सोलून वापरावा.

ही पाटी कोणी मधुमेहासाठी वाचत असेल तर ती सरळ दिशाभूल आहे. ‘शुगर फ्री’ आलूत स्टार्च भरपूर असतो आणि पोटात गेल्यावर त्याची ग्लुकोजच होते. रक्तातल्या साखरेच्या हिशेबात हा आलू आणि साधा आलू यांत म्हणण्यासारखा फरक नाही. पाटीचा खरा अर्थ एवढाच: तळायला चांगला.

दुसरा धोका शेतकऱ्याचा. धुरी दिलेला आलू उगवत नाही, उगवला तरी धड नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बेणे महाग असते म्हणून कोणी बाजारातला खाण्याचा आलू कापून लावला आणि तो असा निघाला, तर मशागत, खत, पाणी सगळे गेलेच. शिवाय वऱ्हाडातली ती तीन महिन्यांची खिडकीही गेली. दुबार लागवडीला वेळच उरत नाही.

घरी काय करता येईल

गोड निघालेला आलू टाकू नका. उजेड न येणाऱ्या, हवेशीर जागी, टोपलीत पसरून दोन-तीन आठवडे ठेवा. १५ ते २० अंशांत बरीचशी साखर श्वसनात खर्च होते, काही पुन्हा स्टार्च होते. ऑक्टोबरात आपल्याकडे घर याहून गरम असते, त्यामुळे कोंबांवर लक्ष ठेवावे लागेल. पूर्वीसारखा तो होईलच असे नाही. फार दिवस थंडीत राहिलेला आलू पूर्ण सावरत नाही. उजेडात मात्र ठेवू नका. हिरवा झालेल्या आलूत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते आणि ते शिजवून जात नाही. तेवढा भाग खोल कापून टाकावा, जास्त हिरवा असेल तर आलूच टाकावा.

फ्रिज म्हणजे घरचे शीतगृहच, तेच चार अंश. रस्साभाजीला फ्रिजमधला आलू चालतो; तळायचा, भाजायचा असेल तर तिथे ठेवू नये.

घनांश पाहायचा असेल तर अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून आलू त्यात सोडा. बुडाला तर घनांश जास्त, म्हणजे उकडून कुस्करायला आणि तळायला. तरंगला तर रस्साभाजीला. साखर किती आहे हे मात्र यातून कळत नाही, ते एक काचरी तळून पाहिल्यावरच कळते.

आणि तळायचाच असेल तर काचऱ्या गरम पाण्यातून काढून, कोरड्या करून मग तळा. वरवरची साखर पाण्यात उतरते. उन्हाळ्याच्या वाळवणात बाया हेच करत आल्या आहेत: काचऱ्या रात्रभर पाण्यात, सकाळी तुरटी घालून अर्धवट उकड, मग धाब्यावर धोतरावर पसरायच्या. वाळवण होळीच्या आगेमागे होते ते उन्हासाठी, हे खरेच. पण त्याच वेळी बाजारात येणारा आलू नुकताच निघालेला, पूर्ण पिकलेला आणि अजून शीतगृहात न शिरलेला असतो. त्या काचऱ्या पांढऱ्याशुभ्र तळल्या जातात. ऑक्टोबरात तोच प्रयोग करून पाहिला की फरक डोळ्यांनी दिसतो.