वर्डस्वर्थचे सृष्टिप्रेम

इंग्रजी शिकलेल्या आपल्या घरांतून वर्डस्वर्थचे नाव अपरिचित नाही. सरोवरतीरी डोलणाऱ्या डॅफोडिल फुलांवरील त्याची कविता आजोबांनी पाठ केलेली असते आणि नातवासही तीच नेमलेली असते. ह्यामुळे हा कवी म्हणजे जन्मभर फुलापाखरांत रमलेला एक निश्चिंत जीव, अशी समजूत सहज होते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. त्याचे सृष्टिप्रेम अखेरपर्यंत टिकले खरे. परंतु ते एकाच रूपात टिकले नाही, आणि ह्या स्थित्यंतरातच त्याच्या काव्याचे मर्म आहे.

१७७० साली इंग्लंडच्या वायव्येस कॉकरमथ गावी त्याचा जन्म झाला. घरामागून डरवेंट नदी वाहत असे. १७७८ मध्ये आई व १७८३ मध्ये वडील निवर्तले; तेव्हा हॉक्सहेडच्या शाळेभोवतीचे डोंगर व तळी हेच त्या पोरक्या मुलाचे सोबती झाले. 'प्रेल्यूड' ह्या आत्मचरित्रपर दीर्घकाव्यात त्याने एक आठवण सांगितली आहे. एके सायंकाळी दुसऱ्याची होडी गुपचूप सोडून तो तळ्यात शिरला. वल्ही मारता मारता समोरच्या टेकडीमागून एक काळे शिखर वर आले आणि आपला पाठलाग करीत आहे, असे त्यास वाटले. थरथरत त्याने होडी परत नेऊन बांधली. बालपणीची सृष्टी त्याला केवळ लाड करणारी माउली नव्हती. चुकल्यास धाक घालणारी वडीलधारीही होती.

तारुण्यात फ्रेंच राज्यक्रांतीने त्याला भारून टाकले. परंतु १७९३ मध्ये इंग्लंड व फ्रान्स ह्यांत युद्ध पेटले आणि त्याचे मन दुभंगले. त्याच वर्षी तो वाय नदीच्या काठी, टिंटर्नच्या भग्न मठाच्या परिसरात भटकत होता. सृष्टीच्या सान्निध्यात तेव्हा बेभान आनंद होता, तसे पलायनही होते. पाच वर्षांनी, १७९८ च्या जुलैत, धाकटी बहीण डोरोथी हिच्यासह तो तेथे पुन्हा गेला. नदी तीच, डोंगर तेच. पण पाहणारा बदलला होता. पूर्वीची धुंदी ओसरली होती, आणि सृष्टीकडे पाहताना मनुष्यमात्राच्या दुःखाची जाणीव आता त्याची सोबत करीत होती. जे गेले त्याच्या मोबदल्यात हे मिळाले, असा हिशेब त्याने त्या वेळच्या कवितेत मांडला.

हा हिशेब पुरता जुळला का? १८०२ मध्ये अमरत्वाच्या जाणिवेवरील प्रसिद्ध दीर्घकविता लिहिताना, बालपणीचे ते दिव्य तेज कोठे गेले, ह्या प्रश्नापाशी तो थांबला; पुढील भाग १८०४ मध्ये पूर्ण झाला. डॅफोडिलची फुलेही त्याने १५ एप्रिल १८०२ रोजी पाहिली. डोरोथीच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. कविता मात्र १८०४ ची. म्हणजे आपण पाठ करतो ते गीत दर्शनाचे नसून स्मरणाचे आहे.

१८०५ च्या फेब्रुवारीत खरा आघात झाला. त्याचा धाकटा भाऊ जॉन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचा कप्तान होता. बंगाल व चीनकडे निघालेले ते जहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच बुडाले आणि जॉनही गेला. पुढे वादळात सापडलेल्या पील किल्ल्याचे एक चित्र त्याच्या पाहण्यात आले. त्याच किल्ल्याजवळ १७९४ मध्ये त्याने शांत समुद्र पाहिला होता. ती अखंड शांती ही आपल्याच मनाची कल्पना होती, असे त्याने आता कबूल केले.

१८१२ मध्ये त्याची दोन लेकरे दगावली. पुढील काव्यात जुने तेज क्वचितच दिसते, असे बहुतेक रसिकांचे मत आहे. तथापि सृष्टीवरील माया आटली नाही. ती आता विश्वस्ताची झाली. हा सरोवरप्रदेश एक प्रकारे साऱ्या राष्ट्राची ठेव आहे, असे त्याने आपल्या प्रवासमार्गदर्शिकेत लिहिले आणि १८४४ मध्ये तेथे येऊ घातलेल्या आगगाडीस विरोध केला. १८५० मध्ये तो वारला. १९५१ मध्ये तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला.

पहिल्या सरीबरोबर नातू अंगणात धावतो आणि आजोबा ओसरीवरून पाहत राहतात. त्या दोघांचा पाऊस एक नव्हे. आपला पाऊस बदलला, हे न लपविता सांगण्याचे धैर्य वर्डस्वर्थपाशी होते. म्हणूनच नातवाने पाठ केलेली कविता आजोबांनी पुन्हा एकदा वाचावी. ती कदाचित त्यांच्यासाठीच लिहिलेली आहे.