सुरू होताच बंद पडणारे एंजिन

घरातील मोटार जुनी झाली म्हणजे तिच्या सवयी घरातील माणसांना ठाऊक होऊ लागतात. थंडीच्या सकाळी ती थोडी रुसते, उन्हात लवकर तापते, चढावर कुरकुरते. यांतील बहुतेक सवयी आपण सोसतो. परंतु किल्ली फिरवताच एंजिन सुरू व्हावे आणि दुसऱ्याच क्षणी बंद पडावे, असे दोन-चार दिवस घडले की कुटुंबाचा धीर सुटतो. मग कोणी म्हणतो बॅटरी बदला, कोणी म्हणतो प्लग बदला, कोणी कार्ब्युरेटरच नवा आणावयास सांगतो. एकामागून एक सुटे भाग येतात, पैसे जातात आणि मोटार मात्र पूर्वीसारखीच बंद पडते. असे का व्हावे? कारण रोग ओळखण्यापूर्वीच औषधाला आरंभ झालेला असतो.

वास्तविक सुरू होऊन बंद पडणारे एंजिन मुळीच सुरू न होणाऱ्या एंजिनापेक्षा पुष्कळ अधिक बोलके असते. ते एकदा तरी चालले, याचाच अर्थ बॅटरीत स्टार्टर फिरविण्याइतका जोर आहे, सिलिंडरात पुरेसा दाब उत्पन्न होतो, निदान क्षणभर ठिणगी पडते आणि निदान थोडे पेट्रोल पोचते. तेव्हा शोधावयाचे ते एवढेच, की सुरू होताना जे मिळाले ते पुढच्या क्षणी का मिळेनासे झाले? पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तिघांपैकी साथ कोणी सोडली, हे पुढील तीन प्रश्नांवरून पुष्कळसे कळून येते.

पहिला प्रश्न : एंजिन नेमके कोणत्या क्षणी बंद पडते?

किल्लीवरचा हात सैल करताच ते थांबत असेल, तर संशय विजेच्या मार्गावर घ्यावा. काही जुन्या मोटारींत कॉइलच्या वाटेवर एक लहानसा रोधक बसविलेला असतो. किल्ली फिरवून धरलेली असताना वीज त्याला वळसा घालून थेट कॉइलकडे जाते. किल्ली सोडताच ती रोधकातून जाऊ लागते. रोधक तुटला असेल, तर त्याच क्षणी ठिणगी थांबते. किल्लीच्या खटक्यातील झिजलेल्या जोडांमुळेही हेच घडते. अशा वेळी कार्ब्युरेटर कितीही साफ केला, तरी उपयोग होणार नाही.

याउलट एंजिन काही सेकंद नीट चालले आणि मग धापा टाकीत थांबले, तर पेट्रोलचा पुरवठा तपासावा. कार्ब्युरेटरच्या अंगी एक लहानशी वाटी असते. तीत थोडे पेट्रोल नेहमी साठलेले असते. एंजिन या शिलकीवर सुरू होते. मागून नवे पेट्रोल आले नाही, म्हणजे शिल्लक संपताच ते थांबते. गाळणी तुंबणे, पंपाचा पडदा फाटणे, नळीला चीर जाऊन ती हवा ओढू लागणे ही याची नेहमीची कारणे होत. आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. टाकीत हवा शिरण्यासाठी ठेवलेले छिद्र धुळीने बुजले, तर टाकीत पोकळी उत्पन्न होते व पंपाला पेट्रोल ओढवत नाही. टाकीचे झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर मोटार काही वेळ नीट चालली, तर चोर सापडला असे समजावे. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

दुसरा प्रश्न : एंजिन थंड असताना बंद पडते की तापल्यावर?

साधारणपणे एक भाग पेट्रोल जाळण्यास वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. परंतु थंड एंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून आरंभी मिश्रणात पेट्रोल अधिक द्यावे लागते. चोकचे काम तेच. चोक लवकर आत ढकलला किंवा त्याची तार सैल झाली, तर थंड एंजिन उपाशी राहून थांबते. उलटपक्षी चोक अडकून राहिला, तर पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त होऊन प्लग भिजतात. काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास ही त्याची खूण. अशा वेळी कार्ब्युरेटरच्या मोटारीत चोक आत करावा, ॲक्सिलरेटर पुन्हापुन्हा न मारता एकदाच तळापर्यंत दाबून धरावा आणि मग स्टार्टर फिरवावा. भरपूर हवा जाऊन भिजलेले सिलिंडर कोरडे होतात.

तापलेले एंजिन थोडा वेळ उभे करून पुन्हा सुरू करताच बंद पडत असेल, तर गोष्ट निराळी. राजस्थान किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात हे विशेष दिसते. जयपूरच्या दक्षिणेस टोंक मार्गावर सीतापुरा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. मे महिन्यातील दुपारी तेथे एखाद्या कारखान्याबाहेर उभ्या असलेल्या मोटारीचे बॉनेट किती तापत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. त्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, वाफेचे बुडबुडे वाट अडवितात आणि द्रव ओढण्यासाठी केलेला पंप निरुपयोगी ठरतो. बॉनेट उघडून एंजिन निवू द्यावे. पेट्रोलच्या पंपावर व नळीवर ओला फडका ठेवण्याची जुन्या चालकांची युक्तीही गुणकारी आहे. मात्र डिस्ट्रिब्यूटर व विजेच्या तारा भिजू देऊ नयेत.

तिसरा प्रश्न : ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरला, तर एंजिन जगते का?

जगत असेल, तर पेट्रोलचा मुख्य मार्ग व ठिणगी ही दोन्ही बहुधा ठीक आहेत. बिघाड एंजिनाला मंद गतीने चालविणाऱ्या व्यवस्थेत आहे. या गतीसाठी कार्ब्युरेटरमध्ये एक अत्यंत बारीक छिद्राची जेट असते. मोटार कित्येक आठवडे उभी राहिली, म्हणजे शिळ्या पेट्रोलचा चिकट साका त्या छिद्रात बसतो. तसेच कार्ब्युरेटरखालचे गास्केट किंवा एखादी रबरी नळी फाटली, की तेथून नको असलेली हवा आत शिरते. जवळ कान दिल्यास बारीक फूत्कार ऐकू येतो.

२००० सालाच्या सुमारास आपल्या नव्या मोटारींत कार्ब्युरेटरची जागा पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. त्या मोटारीही आता जुन्या झाल्या आहेत. त्यांत हेच काम थ्रॉटलजवळची एक लहान झडप करते व काजळीने ती अडकते. अशा काही मोटारींत चोरीस प्रतिबंध करणारी व्यवस्थाही असते; तिला किल्लीची ओळख पटली नाही, तर एंजिन सुरू होऊन दर वेळी ठरावीक एक-दोन सेकंदांनीच बंद पडते. तेव्हा प्रथम दुसरी किल्ली लावून पाहावी.

अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते २० टक्क्यांवर पोचले. जुन्या मोटारींतील रबरी नळ्या, गास्केटे व पंपाचे पडदे अशा मिश्रणासाठी घडविलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून जुन्या मोटारीच्या नळ्या नव्या मिश्रणास टिकणाऱ्या जातीच्या बसवून घ्याव्यात आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने साठवून ठेवू नये.

येथवरची परीक्षा डोळे, कान व नाक यांनी करावयाची आहे. पेट्रोलची नळी सोडविण्याची वेळ आली, की ते काम जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावे. यामागील कारण समजण्यासाठी पुन्हा सीतापुऱ्याकडेच वळावे लागते. २९ ऑक्टोबर २००९ रोजी सायंकाळी तेथील इंडियन ऑइलच्या साठवण केंद्रात पेट्रोलची गळती झाली. एक तासाहून अधिक वेळ पेट्रोल बाहेर येत राहिले आणि त्याच्या वाफेचा ढग जमिनीलगत पसरला. मग कोठेतरी ठिणगी मिळाली आणि प्रचंड स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. टाक्यांना लागलेली आग कित्येक दिवस जळत होती. सिलिंडरात आपण चिमूटभर प्रमाणात जे घडवितो, पेट्रोलची वाफ, हवा आणि ठिणगी यांचा मेळ, तेच तेथे मोकळ्या आकाशाखाली घडले. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर निघून न जाता खाली साचते आणि दूरवरच्या ज्योतीपर्यंत पोचते. म्हणून बॉनेटखाली उजेडासाठी काडी ओढू नये. हवेची गळती शोधण्याकरिता पेट्रोल शिंपडून पाहू नये. सुरू होत नाही म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतू नये. तसेच दारे बंद केलेल्या गॅरेजात एंजिन चालवून पाहू नये. सायलेन्सरमधून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

मोटारीत एक लहान वही ठेवावी. एंजिन किती सेकंदांनी बंद पडले, थंड होते की तापलेले, ॲक्सिलरेटर दाबल्यावर जगले की नाही, शेवटचे पेट्रोल केव्हा भरले, हे तीत टिपावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही. स्वस्त व सोपे ते आधी, महाग ते शेवटी, हा क्रम सोडू नये. ही वही दाखविली, म्हणजे मिस्त्रीचे निम्मे काम झालेले असते. त्याला ‘गाडी बंद पडते’ असे सांगू नका. ‘सकाळी किल्ली सोडताच बंद पडते, पण दुपारी तसे होत नाही’ असे सांगा. मिस्त्री नेमक्या जागी हात घालील आणि तुमच्या संसारातील चार पैसे वाचतील.