जागेवरून हलू नका

१६ एप्रिल २०१४ची सकाळ. इंचॉनहून जेजू बेटाकडे निघालेली ‘सेवोल’ नावाची फेरीबोट दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ एका वळणावर कलली. बोटीवर ४७६ माणसं. त्यांत आन्सान शहरातल्या दानवॉन शाळेची, सहलीला निघालेली सव्वातीनशे मुलं. कर्ण्यावरून पुन्हा पुन्हा एकच सूचना येत राहिली, जागेवरून हलू नका. मुलांनी लाइफ जॅकेटं चढवली आणि ती केबिनमध्ये बसून राहिली. कॅप्टन मात्र मदतीला आलेल्या तटरक्षक दलाच्या होडीत चढून आधी निघून गेला. अकराच्या सुमारास वाहिन्यांनी सर्व विद्यार्थी सुखरूप असल्याची बातमी दिली. ती साफ खोटी होती. ३०४ जण गेले. त्यांपैकी २५० त्या एका शाळेची मुलं.

सांगितलेलं ऐकलं म्हणून गेलेली माणसं कोरियाच्या इतिहासात याआधीही आहेत. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाची फौज चालून आली. अध्यक्ष सिंगमन री २७च्या पहाटे राजधानीतून निसटले आणि त्याच रात्री रेडिओवरून त्यांचाच आवाज सोलच्या रहिवाशांना धीर देत होता. काही तासांत हान नदीवरचा पूल त्यांच्याच सैन्याने सुरुंग लावून उडवला, तेव्हा पुलावर माणसं होती. पुढे सोल परत हाती आल्यावर मागे राहिलेल्यांची शत्रूचे हस्तक म्हणून झाडाझडती सुरू झाली. म्हणजे पळाले ते देशभक्त आणि विश्वास ठेवून थांबले ते संशयित! २००३मध्ये देगूच्या भुयारी रेल्वेत आग लागली, तेव्हाही दुसऱ्या गाडीतल्या प्रवाशांना बसून राहायला सांगितलं गेलं. १९२ माणसं दगावली. अशा देशात सरकारने ‘घाबरू नका’ म्हटलं, की शहाणा माणूस आधी दार कुठे आहे ते बघतो.

सरकारवरचा विश्वास उडाला तरी विश्वासाची भूक कुठे जाते? २०१५च्या जनगणनेत ५६ टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नसल्याचं सांगितलं. तरीही लग्नाआधी, परीक्षेआधी, निवडणुकीआधी ज्योतिषी गाठणारे तिथे कमी नाहीत. लोकशाहीसाठी तुरुंगवास भोगलेले किम दे-जुंग तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक हरले. मग त्यांनी वाडवडिलांच्या कबरी शुभ जागी हलवल्या आणि १९९७मध्ये ते जिंकले. कार्यकारणभाव ज्याने त्याने ठरवावा. अंगात येणाऱ्या, देवाशी बोलणाऱ्या बाईला तिथे ‘मुदांग’ म्हणतात. ही परंपरा जुनी आणि बरीचशी निरुपद्रवी. धोका ‘साइबी’चा. साइबी म्हणजे दिसायला खऱ्यासारखं, पण खरं नसलेलं; भोंदू पंथांना हा शब्द लावतात. युद्धात घरदार गमावलेली, मग कारखान्यांच्या शहरांत येऊन पडलेली माणसं एकटी होती. मी सांगतो तेच खरं, असं ठामपणे म्हणणाऱ्यांना त्यांच्यात अनुयायी मिळत गेले. सन म्युंग मून यांचं युनिफिकेशन चर्च १९५४मधलं, युद्धविरामानंतरच्या वर्षातलं.

सेवोलची मुळंही अशाच एका पंथापर्यंत गेली. बोटीच्या कंपनीची सूत्रं यू ब्युंग-अन यांच्या कुटुंबाकडे होती. हे गृहस्थ ‘गुवॉनपा’ अर्थात मोक्षपंथाचे धुरीण. शिवाय ‘आहे’ या टोपणनावाने छायाचित्रं काढायचे आणि त्यांची प्रदर्शनं थेट व्हर्सायच्या राजवाड्यात भरायची. बोट बुडाल्यावर ते फरार झाले. हजारो पोलीस मागावर असताना जूनमध्ये एका फळबागेत एक कुजलेलं प्रेत सापडलं. ते यूंचंच आहे हे सरकारला कळायला चाळीस दिवस लागले. प्रेत खरोखर त्यांचंच का, हा प्रश्न मग लोकांनी विचारायचा नाही तर काय करायचं?

आणि त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष कुठे होत्या? पार्क ग्युन-हे लोकांसमोर आल्या त्या संध्याकाळी सव्वापाचला, आपत्ती निवारण कक्षात. मुलांनी जॅकेटं घातली आहेत, मग ती सापडणं इतकं कठीण का, असं त्यांनी तिथे विचारलं. तोपर्यंत जवळजवळ सगळी बोट कधीच पाण्याखाली गेली होती. मधल्या ‘सात तासां’बद्दल कोरियात इतक्या वावड्या उठल्या, की त्यांचा ग्रंथ व्हावा. कोणी म्हणे गुप्त पूजा चालली होती, कोणी म्हणे मुलांचा बळीच दिला. सरकारी वकिलांनी २०१८मध्ये जे उघड केलं ते इतकं चमचमीत नव्हतं. सकाळी बाई निवासस्थानातल्या शयनकक्षात होत्या. दुपारी सव्वादोनला चोई सून-सिल नावाची, कुठल्याही सरकारी पदावर नसलेली मैत्रीण आली, तिच्यासोबत बैठक झाली आणि मगच कक्षात जायचं ठरलं. मला विचाराल तर बळीच्या अफवेपेक्षा हे वास्तव जास्त हादरवणारं आहे.

या मैत्रीची कथा १९७४पासून सुरू होते. १५ ऑगस्टला सोलच्या नाट्यगृहात हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्यावर झाडलेली गोळी त्यांच्या पत्नीला लागली. बावीस वर्षांची मुलगी पार्क ग्युन-हे फ्रान्समधलं शिक्षण सोडून परतली आणि आईच्या जागी ‘प्रथम महिला’ म्हणून उभी राहिली. पुढच्याच वर्षी चोई ते-मिन तिच्या आयुष्यात आले. कधीकाळचे पोलीस, मग बौद्ध भिक्षू, मग ख्रिस्ती, मग सगळ्यांची खिचडी करून काढलेल्या ‘योंगसेग्यो’ म्हणजे चिरंतन जीवन पंथाचे संस्थापक. तुझी आई माझ्या स्वप्नात येते, असं त्यांनी तिला पत्रातून कळवल्याची हकीकत तिथे सर्वतोमुखी आहे. आई गमावलेल्या मुलीला दुसरं काय हवं असतं? १९७९मध्ये गुप्तचर प्रमुख किम जे-ग्यू यांनी पार्क चुंग-हींना गोळी घातली; आपल्या कृत्याच्या कारणांमध्ये त्यांनी न्यायालयापुढे पार्क यांनी या चोईंना आवर न घातल्याचंही नमूद केलं. आईबाप दोघंही गोळीने गेलेल्या बाईचा मंत्र्यांवर आणि सचिवांवर विश्वास नसणं समजू शकतं. तो राहिला चोईंच्या घरावर. १९९४मध्ये चोई ते-मिन वारले आणि त्यांची गादी जणू मुलगी सून-सिलकडे आली.

एका पोलीस अधिकाऱ्याने चौकशीत सांगूनही टाकलं होतं, की देशाच्या सत्तेत पहिला क्रमांक चोई सून-सिलचा, दुसरा तिच्या माजी नवऱ्याचा आणि राष्ट्राध्यक्ष तिसऱ्या. तेव्हा लोक हसले. २४ ऑक्टोबर २०१६ला जेटीबीसी वाहिनीने एक टॅबलेट दाखवला; त्यात पार्क यांच्या भाषणांचे ४४ मसुदे होते, भाषण होण्याआधीच उघडलेले. देशाला आपला बोलविता धनी कळला. दर शनिवारी मेणबत्त्या घेऊन लाखो लोक सोलच्या चौकात जमू लागले. ‘याला देश म्हणायचं का?’ ही घोषणा झाली. पार्क यांची लोकप्रियता चार टक्क्यांवर आली. राष्ट्राध्यक्षांच्या निवासात, ब्लू हाउसमध्ये, आपण मांत्रिकी विधी केल्याच्या अफवा त्यांनी दूरचित्रवाणीवर येऊन खोडून काढल्या. राष्ट्राध्यक्षाला हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

परदेशी पत्रकारांना या प्रकरणात रशियन झारच्या दरबारातला बाबा रासपुतीन दिसला. न्यायालयात मात्र रासपुतीन नव्हता, हिशेबाच्या वह्या होत्या. सॅमसंगसकट मोठ्या उद्योगांकडून चोईच्या ताब्यातल्या दोन प्रतिष्ठानांसाठी उकळलेले ७७ अब्ज वॉनहून जास्त, चोईच्या मुलीसाठी आलेले घोडे, तिचा विद्यापीठातला प्रवेश. १० मार्च २०१७ला घटनात्मक न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी पार्क यांना पदावरून काढलं. ‘सात तास’ हे त्याचं कारण मानलं नाही. तंत्रमंत्राची चर्चा रस्त्यावर राहिली.

शहाणपण आलं असेल असं वाटलं, तर २०२१मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार युन सुक-योल टीव्हीवरच्या वादसभेला तळहातावर ‘राजा’ अर्थाचं चिनी अक्षर काढून आले. शेजारच्या बाईने शुभेच्छा म्हणून काढलं, हा खुलासा. एका सभेला ठीक. ते तीन सभांना दिसलं. गंमत म्हणजे पार्क यांना तुरुंगात धाडणाऱ्या पथकात सरकारी वकील म्हणून हेच युन होते. निवडून आल्यावर त्यांनी अध्यक्षांचं कार्यालय ब्लू हाउसमधून योंगसानला हलवलं. कारण त्यांनी काहीही सांगितलं असलं, तरी वास्तुदोषाची कुजबुज थांबली नाही. पुढे त्यांच्या पत्नीपर्यंत महागडे हार आणि बॅगा पोचवल्याच्या आरोपात युनिफिकेशन चर्च आणि एक ‘बाबा’ असे दोघंही अडकले. सप्टेंबर २०२५मध्ये चर्चच्या प्रमुख हान हाक-जा यांना अटक झाली.

पण अविश्वासाचा उपयोग काय, हे दिसलं ३ डिसेंबर २०२४च्या रात्री. साडेदहाच्या सुमारास युन यांनी लष्करी कायदा जाहीर केला. कोणी घरात बसून राहिलं नाही. लोक संसदेकडे धावले, कर्मचाऱ्यांनी टेबलं-खुर्च्या रचून दारं अडवली, सदुसष्ट वर्षांचे सभापती कुंपण चढून आत गेले. रात्री एकच्या सुमारास १९० विरुद्ध शून्य मतांनी तो फतवा रद्द करण्याचा ठराव झाला.

तपासात पुढे आलं, की लष्करी कायद्याच्या या कटाच्या काही बैठका एका बर्गरच्या दुकानात झाल्या. त्यांतले एक सूत्रधार, निवृत्त गुप्तचर अधिकारी नोह सांग-वॉन, राहायचे एका भविष्य सांगणाऱ्या बाईच्या घरी. त्यांची वही पोलिसांना तिथेच मिळाली. ते दुकान आणि ते घर दोन्ही आन्सानमध्ये आहेत, दानवॉन शाळेच्या गावात.